लोहाराच्या वळणावरचं ठिगळ

मुकादमाला कधी रस्ता विचारू नये. बाकीची माणसं 'सरळ जा, मग डावीकडे' म्हणून तुमची सुटका करतात. हा तिथून पुढच्या प्रत्येक चेंबरच्या झाकणाची वंशावळ सांगत बसतो. हे झाकण कोणाच्या कारकिर्दीत बसलं, ते का खचलं, नळवाल्यांनी कुठे खणलं आणि बुजवताना कशी चालढकल केली. एकतीस वर्षं त्याने रस्तेदुरुस्तीच्या टोळीत काढली, त्यातली एकोणीस मुकादम म्हणून. नाकासमोर चालणारा माणूस, असं लोक त्याच्याबद्दल म्हणत. ते काही खरं नव्हतं. तो खाली बघत चालायचा.

डांबराने त्याच्या हातांची कातडी अशी झाली होती की गॅसवरचं पातेलं तो फडक्याशिवाय उतरवायचा. टोळीतली माणसं नव्या माणसासमोर त्याला हा खेळ मुद्दाम करायला लावत. "लागत नाही का हो?" असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "लागत असेल. कळत नाही." गेली अकरा वर्षं आतही तसंच होतं, पण ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याचा सगळ्यात लाडका रस्ता म्हणजे शहराला वळसा घालून जाणारा, एकोणीस किलोमीटरचा. वर्षातले तीनशे त्रेसष्ट दिवस त्यावरून बस जातात, दूधवाले जातात, शाळेची पोरं जातात. उरलेले दोन दिवस तो दोन्ही बाजूंनी बंद करतात आणि त्यावर मोटारसायकलींची शर्यत होते. रस्ता तोच, भिंती त्याच, दिव्याचे खांबही तेच. खांबांना गवताचे गठ्ठे बांधायचे, भिंतींना जुन्या गाद्या टेकवायच्या, की झाली तयारी. मैदानातल्या शर्यतीत माणूस चुकला तर वाळूत लोळतो आणि कपडे झटकून उठतो. इथे चुकला तर कोणाच्या तरी घराच्या भिंतीशीच थांबतो. हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं आणि तरी दरवर्षी नावं द्यायला रांग लागते. हौसेला मोल नसतं म्हणतात ते साफ खोटं. मोल असतं, फक्त हौस करणारा ते भरत नाही.

शर्यतीच्या दिवशी मुकादमाची टोळी रस्त्यावर उभी असायची. एकेका वळणावर एकेक माणूस, हातात खराटा, पायाशी कोरड्या वाळूची बादली. कुठे तेल सांडलं, खडी उडाली, की दोन गाड्यांमधल्या वेळात झाडून घ्यायचं. मुकादमाची जागा ठरलेली होती, लोहाराचं वळण. तिथून लोहार उठून चाळीस वर्षं झाली असतील, आता टायरवाला बसतो. पण वळणाला टायरवाल्याचं नाव द्यायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आणि धाकटा शर्यतीत असायचा. धाकटा म्हणजे मुकादमाचा भाऊ, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. बाप लवकर गेल्यामुळे मुकादमाने त्याला जवळजवळ खांद्यावरच वाढवला. तो गॅरेजमध्ये मिस्त्री होता. दिवसभर लोकांच्या गाड्या उघडायचा आणि संध्याकाळी स्वतःची. अभ्यासाच्या नावाने त्याची कायम बोंब होती, पण हा एकोणीस किलोमीटरचा रस्ता त्याला तोंडपाठ होता. शर्यत जवळ आली की जेवणानंतर तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उलटा बसायचा, पाठीचा दांडा हँडलसारखा धरायचा, डोळे मिटायचा आणि रस्ता म्हणायला लागायचा. गिअरच्या आकड्यांसकट.

"पूल, पाचवा, डोकं खाली. टपाल, चौथा. चुन्याची भिंत, घासून. दवाखाना, तिसरा, श्वास. उतार. उतार. उतार. दादा. सोड, दाब. लोहार."

सोड म्हणजे गाडीचा कान, हँडलची पिळलेली मूठ, सोड; दाब म्हणजे ब्रेक दाब. धाकट्याची बायको, मुकादमाची भावजय, ओट्याशी भांडी घासता घासता हसायची. "पाढे पाठ केले असतेस तर साहेब झाला असतास," म्हणायची. मुकादम दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचा आणि 'दादा' आलं की मान खाली घालायचा. भर शर्यतीत, ताशी दोनशेच्या पुढच्या वेगात, भावाला आपण आठवतो! आपण वळणावर खराटा धरून उभे असतो, त्याला लांबून दिसतो, आणि मग तो ब्रेक दाबतो. घरात सगळ्यांनी तसंच धरलं होतं. धाकट्याशिवाय त्याला दादा म्हणणारं दुसरं कोणी नव्हतंच. टोळीला तो मुकादम, भावजयीला भाऊजी, पुतणीला काका.

आता त्या ठिगळाबद्दल सांगायला हवं. लोहाराच्या वळणाच्या जरा अलीकडे, उतार संपतो तिथे, एकदा पाण्याची मुख्य वाहिनी फुटली. खणलं, जोडलं, आणि संध्याकाळच्या आत रस्ता सुरू करायचा म्हणून मुकादमाने मिळेल ती खडी आणि मिळेल ते डांबर ओतून खड्डा बुजवला. चार हात लांब, अडीच हात रुंद. बाकीचा रस्ता उन्हापावसाने राखाडी झालेला आणि त्यात हे काळंकुट्ट. रस्तेवाले अशा कामाला ठिगळ म्हणतात आणि ते शिवीसारखंच म्हणतात. मुकादमाला त्या ठिगळाची लाज वाटायची. धाकटा त्याला त्यावरून चिडवायचा.

"दादा, ती तुझी सही आहे रस्त्यावर. राहू दे."

"सही कसली, डाग आहे तो. निघेल एक दिवस."

ठिगळ पाच वर्षं तसंच राहिलं. पाचव्या वर्षी धाकट्याने सगळ्या मार्गाचा विक्रम मोडला. सहा फेऱ्या अशा मारल्या की वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला आणि गॅरेजच्या मालकाने तो चौकटीत घालून भिंतीवर लावला.

पुढच्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव झाला. संध्याकाळी धाकटा घरी आला तो कुरकुरतच. "लोहारापाशी मागचं चाक उडतंय," एवढंच म्हणाला, जेवला आणि पुन्हा गॅरेजला गेला. तिथे त्याने मागची स्प्रिंग दोन आटे सैल केली आणि तक्रार मिटवली. म्हणजे दोष गाडीचा होता आणि तो दूरही झाला होता. पण मुकादमाने ऐकलं ते फक्त 'लोहारापाशी उडतंय'. त्याच्या डोक्यात ठिगळच आलं. ठिगळाची कड वर आलीये, पोराचं चाक तिथेच उडतंय, आणि आपण मुकादम असून हातावर हात ठेवून बसलोय!

उजाडायच्या आत तो टोळीतल्या दोघांना घेऊन तिथे गेला. साहेबाला विचारलं नाही. ठिगळ खणून काढलं, नवा माल भरला, लहान रोलर फिरवला. आणि मग त्याने आपलं सगळं कसब पणाला लावलं. दगडाची बारीक भुकटी आणली, ती वर पसरली, खराट्याने घासली, पुन्हा पसरली, पुन्हा घासली, इतकी की नवा भाग जुन्या रस्त्याच्या रंगात मिसळून गेला. सकाळी पाहणीला आलेले अधिकारी त्यावरून चालत गेले आणि त्यांना काही कळलं नाही. तोवरच्या नोकरीत त्याच्या हातून इतकं सफाईचं काम झालं नव्हतं. धाकट्याला आधी सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. शर्यत झाली की विचारू, उडालं का रे चाक?

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणून जातो. इथे जे झालं त्याला म्हण पुरत नाही.

पहिल्या फेरीत मुकादम खराटा धरून आपल्या जागी उभा होता. उतारावरून गाडीचा आवाज आला. तो आवाज त्याला पाठ होता; उताराच्या शेवटी तो एकदम खाली उतरायचा, मग वळण. त्या दिवशी आवाज उतरला नाही. उतरला तो फार पुढे येऊन, मुकादमाच्या अगदी समोर, आणि तोपर्यंत टायरवाल्याची भिंत आली होती. गाद्या होत्या. गाद्यांनी काय होतंय.

धाकट्याला नेल्यावर शर्यत चाळीस मिनिटांनी पुन्हा सुरू होणार होती. रस्त्यावर काचा होत्या, तेल होतं, गवत पसरलं होतं. मुकादमाने वाळू टाकली आणि झाडून काढलं. टोळीतला एक जण म्हणाला, "द्या इकडे, मी करतो." मुकादमाने खराटा दिला नाही. त्याला त्या वेळी काहीच वाटत नव्हतं. कोपऱ्यातली खडी निघत नव्हती म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि हाताने वेचली. बस, तेव्हापासून जे आत बंद पडलं ते बंदच राहिलं.

चौकशी झाली. रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा मोजल्या गेल्या. त्या नेहमीपेक्षा तीस पावलं पुढे सुरू झाल्या होत्या. कागदावर निष्कर्ष आला: चालकाने ब्रेक उशिरा लावला. रस्त्याची अवस्था उत्तम.

भावजयीने ते वाक्य घेतलं आणि गाठीशी बांधलं. पोरगी तीन वर्षांची होती. भावजयीने रडून झाल्यावर, म्हणजे फार लवकर, गाडी शिकून घेतली आणि दोन वर्षांत मोटार शिकवण्याच्या शाळेत नोकरी धरली. त्या गाड्यांना शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तिचा पाय त्यावरून कधी हलला नाही. नव्या शिकाऊ माणसाला ती पहिल्या दिवशी सांगायची, "ब्रेक लावायला ताकद नाही लागत, अक्कल लागते. माझ्या नवऱ्याकडे ताकद होती." शिकाऊ माणूस गोरामोरा व्हायचा आणि दुसऱ्या दिवसापासून नीट चालवायचा.

घरात ती धाकट्याला शिव्या घालायची. रोज, नेमाने, काम करता करता. गॅस संपला की, नळ गळला की, पोरगी तापली की. एकदा मुकादमाला म्हणाली, "परवा सवयीने 'मेल्या' म्हणाले त्याला. आणि मग लक्षात आलं, ही शिवी आता वाया गेली. मेलेल्याला कशी लागणार?" आणि हसली. मुकादमही हसला, कारण ती हसली होती.

अपघातानंतर महिन्याभरात तिने धाकट्याची एक वही मुकादमाला आणून दिली होती. "तुमच्या रस्त्याचं काहीतरी आहे. मला घरात नको." तिने ती उघडलीही नव्हती. मुकादमाने डांबराच्या शेडमध्ये उघडली. पानापानांवर रस्ता काढलेला, वळणं, गिअर, भिंती. शेवटून दुसऱ्या पानावर उतार, उतार, उतार, आणि त्याच्या तळाशी पेन्सिलीने गिरवून गिरवून काळा केलेला एक लहान चौकोन. शेजारी लिहिलं होतं: दादा.

वळणावर खराटा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं चित्र कुठेच नव्हतं. ताशी दोनशेच्या वेगात कोणाला खराटेवाला दिसतो? दादा म्हणजे ठिगळ होतं. काळं दिसलं की सोड, दाब.

त्याने वही शेडच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि मूग गिळून बसला. सांगायचं असं त्याने अनेकदा ठरवलं. पण पहिल्या महिन्यात भावजय सावरलेली नव्हती, पहिल्या वर्षी तिला नोकरी नव्हती, मग पोरीची शाळा, मग कशाला आता. गप्प राहणंही अंगवळणी पडतं. सरळ माणसाला तर लवकर पडतं, कारण त्याला कोणी विचारायला येत नाही.

अकरा वर्षांनी गेमवाले आले.

ही संगणकावर खेळण्याच्या शर्यती बनवणारी मंडळी होती. त्यांना हाच रस्ता हवा होता, सगळाच्या सगळा, दगड न् दगड. एक मोजणीवाली तरुणी गाडीच्या टपावर यंत्र बसवून रस्त्याच्या फेऱ्या मारत होती. ते यंत्र भोवती उजेड फेकतं आणि भिंती, खांब, खड्डे बोटभरही चूक न करता मोजून घेतं. त्यांना आजचा रस्ता नको होता, विक्रमाच्या वर्षीचा हवा होता. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नव्हता. खेळणाऱ्याने घरात बसून धाकट्याशी शर्यत लावावी, अशी त्यांची कल्पना. म्हणून जुने फोटो, जुन्या चित्रफिती आणि जुनी माणसं त्यांनी गोळा केली. जुन्या माणसांत मुकादम पहिला.

तो उपयोगी पडला. पुलाचा कठडा तेव्हा लोखंडी होता, टपाल कचेरीची पायरी नंतर तोडली, दवाखान्याच्या भिंतीला तेव्हा पिवळा रंग होता, सगळं सांगितलं. मोजणीवाली म्हणाली, "काका, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं कपाट आहात." लोहाराच्या वळणाबद्दल तिने तीनदा विचारलं. तीनदा तो म्हणाला, "तिथलं काही आठवत नाही."

शेवटी सह्यांचा दिवस आला. धाकट्याचं नाव आणि चेहरा वापरायला घरच्यांची परवानगी हवी होती. भावजय धडा संपवून शाळेच्या गाडीतूनच आली, मुकादम साक्षीदार म्हणून. गेमवाल्यांची कचेरी म्हणजे एका छापखान्यावरची लांबट खोली. टेबलं, वायरी, बिस्किटांचे पुडे. मध्यभागी लोखंडी सांगाड्यावर मोटारसायकलची सीट आणि हँडल ठोकलेलं, पुढे तीन मोठे पडदे. त्यावर एक चष्मेवाला बसला होता. दिवसभर गाडी चालवून बघणं हेच त्याचं काम.

मोजणीवालीने कागद पुढे केला. "नावाखाली दोन ओळी येतील, त्या एकदा वाचून घ्या. 'या मार्गाचा विक्रमवीर. पुढच्या वर्षी लोहाराच्या वळणावर ब्रेक उशिरा लावल्यामुळे अपघाती मृत्यू.' तुम्हाला नको असेल तर दुसरी ओळ काढू."

"काढता कशाला?" भावजय म्हणाली. "खरं आहे ते. उलट मोठ्या अक्षरात लिहा. खेळणाऱ्या पोरांना कळू दे."

तिने पेन मागितलं. मुकादम खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत होता. पडद्यावर उतार होता. गाडी आली, वळणाशी पोचली, टायरवाल्याच्या भिंतीवर आदळली. पडदा क्षणभर काळा झाला आणि गाडी पुन्हा उताराच्या माथ्यावर उभी. पुन्हा आली, पुन्हा आदळली. ताजीतवानी पुन्हा उभी. त्याने सात वेळा पाहिलं. सातही वेळा त्याला काही वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं मात्र कळत होतं.

चष्मेवाल्याने हात झटकले. "दोनशे वेळा झालं असेल. आधी ब्रेक लावला तर वेळ जातो, नंतर लावला तर भिंत. आणि ह्या माणसाने विक्रमाच्या दिवशी सहाही फेऱ्यांत बरोबर एकाच जागी लावलाय. चित्रफितीत रस्ता गवताच्या गठ्ठ्यांमागे झाकलाय, पण खांबांवरून मोजलंय मी, हातभराचाही फरक नाही. इतक्या नेमाने ब्रेक लावणारा माणूस पुढच्या वर्षी उशीर करतो? पटत नाही. तो काहीतरी बघत होता. इथे काहीतरी असणार."

"मस्ती होती," भावजय कागदावर वाकून म्हणाली. "दुसरं काय असणार?"

पेन कागदाला टेकलं होतं. ही सही झाली की ते वाक्य घराघरांतल्या पडद्यांवर जाणार होतं आणि तिथून ते कुठल्याच खराट्याने निघणार नव्हतं. मुकादम उठून उभा राहिला. मग त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली आणि धाकट्यासारखंच म्हणायला लागला.

"पूल, पाचवा, डोकं खाली. टपाल, चौथा. चुन्याची भिंत, घासून. दवाखाना, तिसरा, श्वास."

भावजयीने मान वर केली. अकरा वर्षांत हे तिने ऐकलं नव्हतं.

"उतार. उतार. उतार. दादा. सोड, दाब. लोहार."

"दादा म्हणजे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"ठिगळ," मुकादम म्हणाला. "चार हात बाय अडीच हात. माझ्या हातचं. काळं होतं. तो ते बघून ब्रेक लावायचा."

मोजणीवालीने संगणक ओढला आणि पडद्यावरच्या रस्त्यावर एक काळा चौकोन ठेवला. "इथे?"

"अलीकडे घ्या. अजून. थोडं डावीकडे. आता आणखी काळं करा. एवढं नाही, अजून काळं."

चष्मेवाला पुन्हा बसला. गाडी उताराला लागली. मुकादमाने डोळे मिटून घेतले. आवाज आला, चढला, चढला, आणि जिथे उतरायला हवा तिथे उतरला. गाडी वळण घेऊन निघून गेली.

भावजयीने पेनाला टोपण लावलं. "मग त्या वर्षी कुठे गेलं ते ठिगळ?"

"मी काढलं."

"कधी?"

"शर्यतीच्या दिवशी पहाटे. चाक उडतंय म्हणाला होता ना. मला वाटलं, ठिगळामुळे. रस्त्याच्या रंगात रंग मिळवला. ओळखू येऊ नये म्हणून."

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

"आणि दादा म्हणजे ठिगळ, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू वही दिलीस तेव्हा."

ती हिशेब करत होती हे त्याला दिसत होतं. काही फार अवघड नव्हता. तिने कागद मोजणीवालीकडे सरकवला. "दुसरी ओळ बदलून आणा, मग सही करते." आणि मुकादमाला म्हणाली, "चला."

खाली शाळेची गाडी उभी होती. ती चालवायला बसली, तो शेजारी. त्याच्या पायाशी तो दुसरा ब्रेक होता. "पाय बाजूला ठेवा," ती म्हणाली. अकरा वर्षं ती लोहाराचं वळण टाळायला चार किलोमीटर लांबून जायची. त्या दिवशी सरळ उताराला लागली. उतार संपला तिथे तिने ब्रेक दाबला, गाडी जवळजवळ थांबली. समोर रस्ता एकसारखा राखाडी होता. मागून बसवाल्याने भोंगा वाजवला.

"चांगलं काम केलंत," ती म्हणाली. "खरंच काही दिसत नाही."

मग तिने गाडी घराकडे घेतली. मुकादमाला वाटलं, आता ही रडेल, किंवा दारातून परत पाठवेल. दोन्हीची त्याने तयारी केली. तयारीला फार काही लागत नव्हतं. तिने दार उघडलं, स्वयंपाकघरातली ती खुर्ची पुढे ओढली आणि त्याला बसायला सांगितलं. स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, ठिगळ तुम्ही मायेने काढलंत. त्याचं मी काही म्हणणार नाही. पण अकरा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. पोरीसमोर घातल्या. परक्या शिकाऊ माणसांसमोर घातल्या. तो बिचारा वेळेवर ब्रेक लावणारा माणूस होता, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या खोलीत बसून तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"त्याला एकही लागली नाही. त्या सगळ्या आता तुमच्या. पोरगी शाळेतून यायला दोन तास आहेत. बसून ऐका."

"हो," मुकादम म्हणाला.

तिला सुरुवात करायला जरा वेळ लागला. या घरात आल्यापासून तिने त्याला एकदाही अरे म्हटलं नव्हतं.

"मेल्या," ती म्हणाली.

ती शिवी त्याला लागली. कुठे लागली ते आधी कळेना, मग कळलं, आणि त्याने खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ती पुढची म्हणाली.